ठकीशी बोलणारी बाई

हॅलो?… हां, बोल गं छोटे… थांब, थांब, ते इअरफोन कानात खुपसते आधी… हां, आता बोल. माझे दोन्ही हात अडकलेत. एकात लगाम, एकात गाजर.

आईचा चष्मा? माझ्याकडे कशाला असेल? आई तुझ्याकडे राहते, चष्मा माझ्याकडे कसा येईल?… तिच्या कपाळावर बघितलास?… उशीखाली?… मग फ्रीजमध्ये बघ. हसतेस काय, मागे तिथेच सापडला होता, लोण्याच्या डब्याला टेकून.

नाही, दुकान लवकर बंद केलं. पागेत आलेय… हो, अजून येते. का येऊ नये? घोड्यावर बसत नसले म्हणून काय झालं? खरारा करते, खोगीर पुसते, ठकीला गाजर देते…

अगं ठकी म्हणजे माझी घोडी. इतक्या वर्षांत तुझ्या लक्षात राहील तर शपथ… हो, "माझी"च म्हणणार मी. मालकांची आहे म्हणून काय झालं?

आवाजाला काय झालंय? काही नाही… नाही, रडले नाही. धूळ आहे इथे… धूळच आहे म्हटलं ना…

बरं, सांगते. पण मध्ये बोलायचं नाही. आणि आमच्या ह्यांना यातलं काही कळता कामा नये. ते लगेच म्हणतील, आता पोहायला जा, पाण्यात पडलं तर हाड मोडत नाही.

मालकांनी आज ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाले, पाणी घेता का म्हणाले. त्या माणसानं पाणी विचारलं की समजावं, काहीतरी काढून घेणार. म्हणाले, ताई, तुम्ही पडलात त्याला वर्ष होत आलं. मधूनमधून कुणी बसतं तेवढंच, एरवी घोडी उभी राहून राहून सुस्त होतेय. खांदा बरा असेल तर बसायला लागा. नाहीतर ठकी मी डॉक्टरीणबाईंना कायमची लावून देतो. आज संध्याकाळी सांगा.

हो, कायमची!… दातांची डॉक्टरीण गं. तुला सांगितलं होतं की. नव्या बुटांची. बूट असे कोरे, की चालते तेव्हा दारं कुरकुरल्यासारखी वाटतात. पहिल्या दिवशी घोडीच्या उजव्या बाजूनं चढायला गेली… अगं डावीकडून चढतात! शेंबडं पोर सांगेल. आणि ठकी, जी परक्या माणसाला लाथेच्या अंतरात येऊ देत नाही, ती उभी राहिली मेंढरासारखी. उजवीकडून चढव, डावीकडून चढव, वरून टाक.

मी? मी कशाला जळू?…

हो. जळतेय. झालं समाधान? पोटात नुसती आग पडलीय. तुझ्या नवऱ्यानं शेजारणीला स्कूटरवरून बाजारात सोडलं होतं, तेव्हा तू आठवडाभर पातेली आपटत होतीस… मग? स्कूटर काय, घोडी काय. सवत परवडली गं छोटे. सवतीबद्दल निदान चार लोकांत रडता तरी येतं.

अगं, ऐक ना. ही घोडी आली तेव्हा पाठीवर टॉवेल टाकला तरी उडायची. महिनाभर मी हिच्या शेजारी नुसती उभी राहायचे. चहासुद्धा इथेच, उभ्यानं. माणसात कुणी आणली हिला? गुडघे कुणाचे फुटले? आणि ही बाई येते दवाखाना आटपून, हात धुऊन, आयत्या बिळावर नागोबा…

आणि कळस ऐकायचाय? परवा मी ठकीला खरारा करत होते, तर मला म्हणाली, "मावशी, तुम्ही इथे कधीपासून कामाला आहात?"

हसू नकोस… छोटे, हसू नकोस. ऐकू येतंय मला. तोंडावर पदर घेऊन हसलीस तरी ऐकू येतं… मावशी! आणि माझ्याहून फार तर पाच वर्षांनी धाकटी असेल.

काय सांगणार? म्हटलं, झाली बरीच वर्षं… नाही सांगितलं मी. सांगितलं असतं की मीही बसते, तर पुढचं विचारलं असतं ना, मग आता का नाही बसत?

खांद्याला काय झालंय? काही नाही झालेलं. हाड केव्हाच जुळलं… हो, सगळ्यांना खांदाच सांगते. तुलाही खांदाच सांगितला. रागावू नंतर. आधी ऐक.

बसून बघितलं मी. दोनदा. कुणी नसताना. पाय रिकिबीत गेला, वर चढले, सगळं नीट. पण तो कोपरा आहे ना, माळ्यानं निळी ताडपत्री झटकली होती आणि ठकी आडवी उडाली होती तो… तो नुसता दिसला की माझा श्वास अडकतो. आणि ठकी जागची हलत नाही. टाच मारा, काही करा, खिळा ठोकल्यासारखी उभी. मान वळवून माझ्या गुडघ्याकडे बघते, कोण बाई ही वर बसलीय म्हणून.

तू मला भित्री म्हणू नकोस! मांजर आलं तर खुर्चीवर चढणारी तू…

हो, इथेच घोडं पेंड खातंय. हुशार आहेस. तुझा कुकर बघ, केव्हाचा बोंबलतोय.

… झाला बंद? हां.

आत्ता? आत्ता त्या बाईचीच तयारी करतेय, दुसरं काय. खोगीर मी घातलं, पोटाखालचा तंग मी आवळला. ही लबाड पोट फुगवून ठेवते, चार पावलं चालवून पुन्हा आवळावा लागतो, हे त्या बाईला ठाऊक तरी आहे का? एवढं सगळं केलं, आणि बाईंचा पत्ता नाही. कुणाची तरी दाढ निघत नाहीये म्हणे. तोवर ठकीला चालवत ठेवा, असा निरोप आलाय. म्हणून चालवतेय. पायी. मी पुढे, ही मागे. मैदानाला गोल गोल.

कशी बसते ती? वाईट बसते. टाचा वर, कोपरं बाहेर, कोंबडी उडायला निघाल्यासारखी. पाठीचं पोतं… नाही, जळून नाही म्हणत. म्हणजे जळूनच म्हणतेय, पण खरं आहे ते.

मग ठकी चालते कशी, तेच तर मला कळत नाही! दुडक्या चालीनं जाते, सांगेल तिथे वळते. त्या कोपऱ्यावरून जाताना ढुंकून बघत नाही. आणि ती बाई वर बसून सारखी बोलत असते… ठकीशी! दुसरं कोण आहे तिथे? अखंड. "ठके, आज एका आजोबांची कवळी नातीनं बागेत पुरून ठेवली, काय सांगू तुला." ठके म्हणते! लाडानं!… अगं धंद्याची सवय ती. दिवसभर वासलेल्या तोंडांशी बोलायचं, ज्यांना हूं की चूं करता येत नाही. तिला घोडी म्हणजे मोठ्ठा पेशंट.

पुढे काय सांगते मला काय माहीत? मी कुंपणाशी उभी. पलीकडच्या अंगाला गेली की ऐकू येत नाही. नुसते ठकीचे कान दिसतात. एक पुढे, एक मागे वळवलेला. तिच्याकडे.

… नाही. माझ्याकडे नाही कधी वळवला.

कारण मी बोललेच नाही गं कधी हिच्याशी. आमचं बोलणं टाचेनं आणि बोटांनी. घोड्यावर बसून बडबडणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. मालक म्हणायचे, ताई वर बसल्या की बाई कुठे संपते आणि घोडी कुठे सुरू होते ते कळत नाही… म्हणायचे. आता डॉक्टरीणबाईंचं कौतुक चालतं, काय सैल बसतात, काय सैल बसतात.

काय? मध्येच तुझं बाळंतपण कुठून आलं?… हो, आठवतंय. मीच तर दाराबाहेर उभी होते. नर्सनं तुला पाढे म्हणायला लावले होते. सतराच्या पाढ्याला अडकलीस आणि तिलाच शिव्या दिल्यास…

कशासाठी लावले होते?… नाही, पुन्हा सांग… काय म्हणाली होती ती नर्स?… बोलत्या माणसाला श्वास धरून ठेवता येत नाही…

…

आहे. आहे गं, इथेच आहे.

काही नाही करत. चालतेय… नाही, थांबलेय. ओट्यापाशी. चढायला तो दगडी ओटा आहे ना, तिथे. तंग तेवढा पुन्हा आवळते… सोड पोट, लबाडे… तुला नाही, हिला.

ए, फोन ठेवू नकोस! ठेवलास तर याद राख. चष्मा मिळेल आईला, बसली असेल आंधळी कोशिंबीर खेळत. तू मला काहीतरी विचार… काहीही. तू बोलू नकोस, मला बोलायला लाव… का म्हणजे? मोठी बहीण सांगते म्हणून.

पाढा नको!

पडदे? हां, पडदे चालतील. शिवले की. हिरवे. माप ह्यांनी घेतलं, म्हणजे तूच समज. खाली वीतभर खिडकी उघडी. म्हटलं, हे काय, तर म्हणाले, हवा येते. म्हटलं, मग वरचा तरी कशाला लावलात, तोही काढा, वादळ येईल… उभी राहा गं… आणि शिंपी म्हणतो, बाई, झालर लावून देतो… हं… झालर… हं…

आहे. बोलतेय. झालर म्हटलं मी. हिरव्याला पिवळी.

आवाज वेगळा येतोय? येणारच… उंचावरून येतोय.

किंचाळू नकोस! कानात आहेस तू माझ्या. घोडीला ताडपत्री नको, तूच पुरेशी आहेस… हो, बसलेय. हेल्मेट आहे. पट्टा बांधलाय. हो, दोन्ही पाय रिकिबीत… आईला सांगू नकोस, ती बिनचष्म्याची इकडे निघेल.

विचार ना पुढे! तू गप्प बसलीस की मी गप्प बसते, आणि मी गप्प बसले की ही… हां. झालर. लावून घेतली. घाण दिसते. शेजारीण म्हणाली, वा, अगदी नाटकाचा पडदा वाटतो. आता रोज सकाळी ओढताना मला वाटतं, समोर लोक बसलेत आणि हे बनियनवर… चाललीय. छोटे, चाललीय गं ही. पावलं टाकतेय.

नाही, हळू. नुसती चाल. पण चाललीय.

तो? तो समोरच आहे. कोपरा. येतोय… नाही, ताडपत्री नाही आज, नुसतं गवत आहे… येतोय…

…

थांबली.

मी बोलायची थांबले, म्हणून थांबली… नाही सुचत आता काही… पडदे संपले… मला नाही सुचत, छोटे…

सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक… सतरा चोक अडुसष्ट… हलली… सतरा पंचे पंच्याऐंशी, सतरा सक एकशे दोन, सतरा सत्ते… सतरा सत्ते किती गं?… तुलाही येत नाही! उगाच नाही नर्स चिडली होती… एकशे एकोणीस! एकशे एकोणीस, छोटे!

गेला. कोपरा मागे गेला.

… नाही रडत. धूळ आहे… हो, या वेळी खरंच नाही धूळ.

आली. आलीच बघ ती. बूट वाजले… आणि बघ, बघ, कान कसे टवकारले हिनं! आवाज काय ऐकला बाईचा, लगेच. नमकहराम! वर कोण बसलंय, पाढे कुणी म्हटले, याचं काही आहे का हिला?

विचारतेय, "मावशी, तुम्हालाही येतं?"

ऐकलंस? तुम्हाला*ही*! म्हणजे तिला येतं!… थांब, लगाम जरा… मालकही आले बाहेर. उभे आहेत दोघं कुंपणाशी. मालकांनी कानातलं हे बघितलं तर मला खाली उतरवतील… मालक! अहो मालक! डॉक्टरीणबाईंना चहा द्या! वेळ लागेल मला!… आणि संध्याकाळ झाली म्हणून सांगते, कायमची नाही द्यायची! ऐकलंत ना?

ऐकलं. मान हलवतायत.

छे, अजिबात नाही देत. उसनी देईन. दवाखान्याला सुट्टी असेल तेव्हा, आणि तंग मी तपासल्यावर. टाचा खाली घालायला शिकवीन आधी, माझ्या घोडीची पाठ दुखते तिच्या कोंबडीसारख्या बसण्यानं… हो, अजून जळतेय. तू काय समजलीस, एका फेरीत विझेल? बाई हसतेय बघ, हात हलवतेय. चांगली आहे गं मेली. त्याचाच तर राग येतो.

बरं, ऐक. ठेव आता… नाही, भीती गेली नाही. आहे इथेच, गुडघ्यात बसलीय. पण छोटे, एक कान वळलाय गं. मागे. माझ्याकडे. केव्हापासून कोण जाणे. आपलं सगळं ऐकत होती ही. पडदे, आई, तुझं बाळंतपण, त्या बाईला घातलेल्या शिव्या…

म्हणून म्हणते, ठेव. आता तुझं काम नाही. दुडक्या चालीला घेते, आणि जे बोलायचं ते हिच्याशीच बोलते… काय? सापडला? कुठे?… कपाळावरच ना? मी पहिल्यांदा काय सांगितलं होतं?… ठेव, ठेव…

ठेवलास?…

हां. ठके. सांग बाई आता. ती एवढं काय सांगते तुला?