पोपटांचा पडदा

सन्माननीय अध्यक्ष हरिचंद्र म्हात्रेसाहेब, प्रमुख पाहुणे आणि एमआयडीसीतल्या कारखान्याचे व्यवस्थापक पुष्करसाहेब, आज निवृत्त होणाऱ्या डॉ. उमा मॅडम, आणि ड्युटी संपवून थेट इथे आलेले बेलवली आरोग्य केंद्रातले माझे सहकारी,

मी नेत्रा, इथली लॅब टेक्निशियन. सगळेच दमलोय, त्यामुळे थोडक्यात बोलते.

फ्लू तपासणीचं हे सुटकेसएवढं यंत्र पुष्करसाहेबांच्या कंपनीने दिलं, त्याबद्दल आभार. ते बॅटरीवर चालतं. नाकातल्या नमुन्यात विषाणूचे जनुक आहेत का, हे तासाभरात सांगतं. कोणाला सांगायचं, हे मात्र आपल्याला ठरवावं लागतं.

पहिलं शिबिर साहेबांच्याच गेटवर झालं. सुपरवायझर मागे उभे राहून स्क्रीन वाचत होते. लाइनसमोरच ओरडले, "अल्पेश पॉझिटिव्ह! ए, लांब हो!" अल्पेश आतून डबा घेऊन येईपर्यंत कंत्राटदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला होता. पुढच्या शिबिराला खोकणारा एकही कामगार आला नाही. सगळे निगेटिव्ह. ताप आला कुठून मग घरोघरी?

तेव्हा मॅडमनी घरचा पडदा आणला, पोपटांच्या छापाचा. त्यामागे दोन खुर्च्या. एकेकाला आत बोलवायचं, निकाल फक्त त्यालाच सांगायचा आणि निगेटिव्ह असला तरी चहा संपेपर्यंत बसवायचं. पॉझिटिव्ह असेल, तर तेवढ्या वेळात मॅडम त्याला विचारूनच कंत्राटदाराला फोन करून त्याची रजा आणि जागा पक्की करायच्या. आत फोन चाललाय की नुसता चहा, हे लाइनला कळायचं नाही.

बबन एकदा म्हणाला, "निगेटिव्हला पण चहा? मग मी रोज येतो ना, मॅडम!"

"ये. पण खोकला झाला की त्या दिवशी पण ये," मॅडम म्हणाल्या. तो आला.

मघाशी पुष्करसाहेब भाषणात म्हणाले, "निगेटिव्हवाल्यांना बसवून प्रॉडक्शनचा टाइम जातो. नेत्रा मॅडम तरुण आहेत, फटाफट उरकतील." कौतुकाबद्दल धन्यवाद, साहेब. सोमवारी तुमच्या गेटवर शिबिर आहे. यंत्र तुम्ही दिलेलं आहे. परत मागितलंत, तर पुसून, चार्ज करून देईन. गेटवर आलं, तर पडद्यासकट येईल.

मॅडम, पडदा आता घरी नेऊ नका. चहा तुम्ही फार पातळ करायचात. तोही तसाच ठेवू.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. निरोपाच्या दिवशी पाहुण्यांना टोचेल असं काही बोलले असेन, तर अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं. बसते.