जुनी गोळी

ताई : हे पाकीट अजून सीलबंद? डॉक्टरांनी गोळी बदलून दिली त्याला तीन आठवडे झाले!

धाकटा : जुनी चालतेय ना मला. चौदा वर्षं एचआयव्हीला गप्प बसवलंय तिने.

ताई : किडन्याही गप्प बसल्यात तुझ्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातोस!

धाकटा : त्या बीपीने गेल्या.

ताई : कशानेही जाऊ देत. जुनी गोळी नव्या किडनीच्या औषधांशी भांडते, हे तुझ्यासमोरच सांगितलं ना? नवी लागू पडली, रक्त नीट आलं, तरच ऑपरेशनची तारीख. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. सुया टोचून टोचून चाळणी केली माझी.

धाकटा : मी म्हटलं होतं, दे म्हणून?

ताई : अरे, मी किडनी सोडायला तयार आणि तुला गोळी सोडवत नाही! डोकं फिरायची वेळ आली माझी.

धाकटा : हिचीही बदलली होती.

ताई : तुझ्या बायकोची गोष्ट वेगळी होती.

धाकटा : तीन महिन्यांत गेली.

ताई : ती गोळी बदलल्याने नाही गेली रे. आधीची लागू पडेना म्हणून बदलली. तोवर उशीर झाला होता.

धाकटा : कळतं मला. लोकांच्या शिलाई मशिनी उघडून कुठे काय अडलंय ते मीच समजावतो. पण सकाळी नऊ वाजले की हात जुन्या डबीकडेच जातो. आणि बिनसलं तर? माझं सोड, तुझी किडनी फुकट जाईल.

ताई : माझ्या किडनीची काळजी तू करू नकोस! मला भाऊ हवाय. एकच आहे मला.

धाकटा : ओरडतेस कशाला?

ताई : मग काय आरती ओवाळू? पाणी घे.

धाकटा : अर्धाच पेला. दिवसाचं पाणी मोजून दिलंय.

ताई : अर्धा तर अर्धा. हं, गिळ.

(पाकीट फाटल्याचा आवाज.)

धाकटा : घेतली.

ताई : कसं वाटतंय?

धाकटा : आत्ता काय वाटणार? तू जा, शाळेची घंटा होईल तुझ्या.

ताई : होऊ दे. बसते थोडी.

धाकटा : आम्ही दोघं समोरासमोर बसून घ्यायचो. ती गेल्यापासून समोर कुणी नव्हतं.

ताई : मला कधी बोलला नाहीस.

धाकटा : उद्या नऊला दार नुसतं लोटून ठेवतो.