मेघाचं लग्न आणि पळणारा कॉम्प्युटर

बसतं का? नाही बसत! अहो, नखाएवढा फरक, तुम्हाला सांगते, नखाएवढा! जुन्या कॉम्प्युटरमधली रॅम, चांगली धडधाकट, मी म्हटलं वाया कशाला घालवायची, नव्या मदरबोर्डात लावू... तर खाच एकीकडे आणि दांडी दुसरीकडे! उलटी लावून पाहिली, सुलटी लावून पाहिली, देवाचं नाव घेऊन दाबून पाहिली, आणि फोनवरून माझा भाऊ भूषण ओरडतोय, "ताई, जोर लावू नको! ती डीडीआर फोर आहे, या बोर्डाला फाइव्ह लागते!" मग हे आधी सांगायला काय झालं होतं रे तुला?

पण थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्ही म्हणाल मोहिनीचं डोकं उन्हानं फिरलं. फिरलंय, पण त्याला कारण आहे. मी धरणगावात अकरा वर्षं लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करते. शूटिंग आमचे हे करतात, जितेंद्र, आणि पुढचं सगळं, म्हणजे कापणं, जोडणं, गाणी टाकणं, रुसलेल्या मामाला फिल्ममध्ये हसताना दाखवणं, ते माझ्याकडे. तर एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतल्या मेघाचं लग्न झालं आणि मी ते मिक्सिंगला घेतलं, आणि अर्ध्यात माझा कॉम्प्युटर गेला. गेला म्हणजे कसा? 'फुस्स' केलं, जळक्या वायरीचा वास आला, संपलं. नशीब, शूटिंग वेगळ्या डिस्कवर होतं.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या लॅबमधून करून घ्यायचं. भर लगीनसराईत? प्रत्येक लॅबवाल्याकडे वीस-वीस लग्नं तुंबलेली! आणि इकडे भिकुअक्का. भिकुअक्का म्हणजे मेघाची आजी. हळदीच्या दिवशी मोरीत पाय घसरला, खुबा मोडला, आणि जिला तान्ही असल्यापासून मांडीवर वाढवली त्या नातीचं लग्न लागलं तेव्हा अक्का जळगावच्या दवाखान्यात पाय बांधून पडलेल्या. मेघा सासरी सुरतला गेली. लोकांनी मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवायला आणले तर अक्कांनी तोंड फिरवलं, "तुकडा-तुकडा मी दखाव नही. मोहिनी बठ्ठं करी देई, मंग एकदमच दखसू." म्हणजे सगळं होईल तेव्हा एकदमच बघणार! झालं! आता रोज सकाळी वॉकर टेकत-टेकत माझ्या दारात हजर, "माय, मनी नातनं लगीन कवय दखाडशी?" काय सांगू हो मी त्या बाईला? रॅमला खाच आहे म्हणून सांगू?

तर भूषण पुण्याला कंपनीत आहे, त्याला विचारलं. इथेच चुकलं. तो म्हणाला, "ताई, आता घेतेच आहेस तर ओव्हरक्लॉक होणारा घे. म्हणजे काय, कंपनीनं ठरवून दिलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवता येतो. आठ तासांचं काम सहा तासांत!" मला काय, दोन तास दिसले हो! "फक्त एक लक्षात ठेव," म्हणाला, "प्रोसेसरच्या नावात शेवटी 'के' पाहिजे."

गेलो जळगावला. दुकानदार प्रेमराजभाऊ, माणूस चांगला, पण मी विचारते आणि उत्तर देतो यांना. मी म्हणते, "शेवटी 'के' असलेला आहे का?" तो यांच्याकडे बघून, "साहेब, गेमिंगला पाहिजे का?" आणि आमचे हे, ज्यांना अजून ईमेलला फोटो जोडता येत नाही, ते गंभीर चेहरा करून मान हलवतात! घेतला 'के'. पण त्याला चालणारा बोर्ड तिथे नव्हता. मग दुसऱ्या दिवशी धुळे. तिथे रतिलालभाऊ. तेही यांच्याकडेच बघून, "साहेब, घेऊन जा डोळे झाकून, शंभर टक्के बसतो." आणि खरंच बसला हो! मी पेढे वाटायची बाकी होते. भूषणला फोटो पाठवला तर म्हणतो, "ताई, हा बी सिरीजचा. यात प्रोसेसर बसतो, पण पळवता येत नाही. पळवायला झेड सिरीज लागते." के हवा, झेड हवा... अरे, बाराखडी तरी एकदाच पूर्ण सांग ना!

पुन्हा धुळे. रतिलालभाऊंनी बोर्ड बदलून दिला, पण काय म्हणाले माहितीये? "साहेब, मॅडमना पळवायचंय हे आधी बोलायचं ना!" अख्ख्या दुकानानं वळून पाहिलं. यांचे कान असे लाल!

झेड आला, मग ती रॅम. बसली का? नाही बसली. नवी आणली. मग कळलं, 'के'वाल्या प्रोसेसरबरोबर पंखा येतच नाही, तो वेगळा घ्यायचा. घेतला. डब्यात असताना लहान दिसत होता, बोर्डावर चढवला तर दोन मजली! कॅबिनेटचं झाकण लावायला जाते तर... बसतं का? नाही बसत! बोटभर पंखा बाहेर! प्रेमराजभाऊंना फोन केला तर म्हणतात, "साहेबांना सांगा, झाकण उघडंच ठेवा, हवा खेळती राहते." अहो, आमच्या मागे जिनिंग आहे! बारा महिने कापूस उडतो, आमच्या वरणात सापडतो, उघड्या कॅबिनेटमध्ये तर गादी तयार होईल! म्हणून मोठं कॅबिनेट. ते इतकं मोठं की टेबलाखाली जाईना, म्हणून टेबल बाहेर. मग पॉवर सप्लाय, तो जुना, म्हणे एवढ्यांना पुरणार नाही, तोही नवा. तोपर्यंत एसटीचा कंडक्टर मला विचारायला लागला होता, "ताई, आज काय बसलं नाही?"

आणि रोज सकाळी वॉकरची टकटक. "माय, व्हयनं का?" एके दिवशी अक्का आल्या. उंबऱ्यावर टेकल्या, त्या सगळ्या खोक्यांकडे पाहिलं आणि पदरानं तोंड पुसत निघून गेल्या. तुम्हाला सांगते, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शेवटी सगळं जोडलं. सुरू झाला! भूषणनं व्हिडिओ कॉलवर बसून एकेक आकडा सांगितला, मी टाकला, स्पीड वाढला, आणि मेघाचं लग्न असं सरसर पुढे जायला लागलं की माझ्या डोळ्यांत पाणी! चौथ्या मिनिटाला बंद. गरम झाला म्हणे. होणारच! बाहेर पंचेचाळीस, पत्र्याखाली किती असेल मोजायची हिंमत नाही. भूषण विचारतो, "ताई, रूममध्ये एसी आहे ना?" एसी! मग सासऱ्यांच्या खोलीतला कूलर काढला, पाणी न भरता नुसता वारा कॉम्प्युटरवर सोडला. आबा गंजीफ्रॉकात दारात येऊन उभे, "सूनबाई, मी माणूस शे का नही?" तरी बंद! पुन्हा सुरू, पुन्हा बंद!

मग भूषण घसा खाकरून म्हणाला, "ताई... एक कर. स्पीड कमी कर. कंपनीनं दिलाय त्यापेक्षाही थोडा कमीच ठेव." कळलं का तुम्हाला? के घेतला, झेड घेतला, दोन मजली पंखा घेतला, धुळे-जळगाव करून चपलेचे तळ झिजवले, कशासाठी? हळू चालवण्यासाठी!

चालला मात्र. हळू, पण चालला. अकरा तासांत फिल्म झाली. आबांना कूलर परत दिला आणि मी भिकुअक्कांच्या घरी जाऊन टीव्हीवर लावली. सगळी गल्ली जमली. अक्का तीन तास हलल्या नाहीत. मंगलाष्टकांना हात जोडले, पाठवणीला ढसाढसा रडल्या. संपलं. अक्का माझ्याकडे वळल्या, "बठ्ठं झकास शे. पन यामा मी कोठे शे?"

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही दवाखान्यात होता ना."

"ते माले माहीत शे. मंग इतलं मोठं मशीन कसाले लयनी?"

आता बोला! मशीन एवढं मोठं आणलं, तर त्यांना लग्नात घालायला नको? दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का हजर. हिरवं नऊवारी लुगडं, नथ, मुठीत अक्षता. यांनी कॅमेरा लावला, मागे पडदा धरला, अक्कांनी एका हातानं वॉकर धरून दुसऱ्या हातानं समोरच्या रिकाम्या हवेत अक्षता टाकल्या, अशा टाकल्या, जशी काही मेघा पुढ्यातच उभी आहे. यांना कॅमेऱ्याचा फोकस दिसेना. मी म्हटलं, डोळे पुसा, काम करा.

तो तुकडा कापून मंगलाष्टकांत जोडलाय, आणि आता फिल्म पुन्हा पहिल्यापासून बाहेर काढायला लावलीये. नऊ टक्के झालीये. अक्का शेजारी खुर्ची टाकून बसल्यात, नथ अजून नाकात. मगाशी म्हणाल्या, "हाऊ आकडा मोठा व्हवाले इतला येळ काबर लागस?"

मी म्हटलं, "ऊन आहे ना अक्का, त्याला पळवत नाही."

"मंग ऱ्हाऊ दे ना माय," अक्का म्हणाल्या, "माले तरी कोठे पळता येस?"