डोक्यातली किल्ली

बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये बस इतका वेळ अडकली, की गुळगुळीत दाढी करून आलेल्या ड्रायव्हरला मिशा फुटल्या. चामराजपेटचे हणमंतराव डोळे मिटून बसले होते. कान मात्र पुढच्या सीटवरच्या नवरा-बायकोकडे होते.

“गिरी, घरासाठी साठवलेलं सगळं क्रिप्टो तू सेंट्रलाइज्ड एक्सचेंजवरून काढलंस? तिथं पासवर्ड विसरला तर कंपनीला फोन तरी करता येतो.”

“आणि कंपनीनंच शटर ओढलं तर? डीसेंट्रलाइज्डमध्ये मधे कंपनीच नाही. वॉलेट आपलं, किल्ली माझ्या डोक्यात.”

“तुझ्या डोक्यात? परवा देवळातून कुणाच्या तरी चपला घालून आलास.”

“किल्ली म्हणजे बारा शब्द, दिव्या. रोज आंघोळ करताना म्हणतो. ते ज्याला कळले, सगळं त्याचं. म्हणून कागदावरसुद्धा लिहिलेले नाहीत.”

“म्हण बघू.”

“इथं? बसमध्ये?”

“इथं कानडी मुलखात आपलं मराठी कुणाला कळतंय?”

“मँगो, लॅडर, सॉल्ट, डॉन्की, अंब्रेला...” गिरीराजनं बाराही शब्द शाळेतल्या कवितेसारखे म्हणून दाखवले.

“फार घाई केलीस. पुन्हा म्हण.”

“मँगो, लॅडर, सॉल्ट, डॉन्की... डॉन्की...”

“डॉन्कीच्या पुढे काय?”

“थांब ना जरा. डॉन्की...”

“अंब्रेला.” हणमंतरावांना राहवलं नाही.

पुढच्या सीटवरची दोन्ही डोकी एकदम मागे वळली.

“गिरी, मोबाइल काढ. काका उतरायच्या आत सगळं कंपनीकडे परत जाऊ दे.”

“सावकाश करा, अक्का,” हणमंतराव म्हणाले. “बस अजून स्वल्पसुद्धा हललेली नाही.”