चुडा वाजला, काकी हो म्हणाल्या

मी मूळची बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., आणि कुष्ठरोगावरच्या एका अँटिबायोटिकच्या चाचणीत काम करते. नवी गोळी कोणाला आणि नुसती नेहमीची औषधं कोणाला, हे मलाही ठाऊक नसतं, माझं काम एवढंच की रुग्णाने डोळे मिटायचे, मी बधिर बोटाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवायचा आणि जाणवलं का ते लिहायचं.

आमच्या चाचणीतल्या बुवापाड्याच्या शेवंताकाकी कॅम्प चारच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापतात, करंगळी बधिर, कात्री लागली तरी रक्त दिसल्यावर कळायचं, आणि दर वेळी एकच प्रश्न, मॅडम, हात कामाचा राहील ना? पहिले दोन महिने करंगळी गप्प, मग माझं लग्न झालं, आणि काय सांगू तुम्हाला, पुढच्या दोन महिन्यांच्या तपासण्यांत काकी प्रत्येक स्पर्शाला हो, मी मुद्दाम न टेकवता थांबले तर गप्प, इतकी स्वच्छ निरीक्षणं की मला माझा पहिला शोधनिबंध दिसू लागला. महत्त्वाकांक्षी आहे मी, लपवत नाही.

त्यातल्या दुसऱ्या तपासणीच्या दिवशी मी सहज कपाळावरची बट मागे सारली आणि डोळे मिटलेल्या काकी म्हणाल्या, हो, लागलं. मी म्हटलं, काकी, काय लागलं? तर म्हणतात, अवो, तुमचा चुडा वाजला का मी हो बोलते, तुमी किती खूश होता!

लग्नाचा हिरवा चुडा आमच्याकडे आपणहून वाढेपर्यंत उतरवत नाहीत. लग्नानंतरच्या दोन्ही महिन्यांच्या नोंदींवर रेघ मारून सही केली, चाचणीच्या मोठ्या सरांना सांगितलं, शोधनिबंध गेला. काकी म्हणाल्या, चुडा काढू नका हां, सासूबाय बोंबलतील, आणि पुढच्या खेपेला चुड्यावर बांधायला जीन्सची पट्टी घेऊन आल्या. सासूबाई हसल्या, त्यांनीच पट्टीला इलॅस्टिक शिवून दिलं.

पट्टी बांधून तपासलं, करंगळी पुन्हा गप्प. काकी खट्टू झाल्या. मी म्हटलं, काकी, नाही जाणवलं तर नाहीच म्हणा, मला तेच हवंय.

गेल्या आठवड्यात मात्र त्या एकदम ओरडल्या, थांबा, मुंगी चालली! मी नुसती थांबले, त्याही गप्प. पुन्हा टेकवलं, पुन्हा मुंगी. एका मुंगीने औषध सिद्ध होत नाही, हे मी त्यांना सांगितलं, स्वतःलाही सांगितलं, आणि मुंगी लिहून घेतली. काकींनी माझ्या पट्टीवरून हात फिरवला, म्हणाल्या, पोरी, तुझा चुडा जन्मभर वाजू दे, फकस्त हितं नको.