सहावा प्रश्न

आचल : ...अन् काकू, सुई नाही, टोचणं नाही! तुमच्या रेणूची लघवी ह्या डबीत, बस्स.

सुशीलाबाई : लघवीत ताप दिसते काय वं, आचल?

आचल : मलेरियाचा जंतू रक्तात बसून खाते-पिते ना, त्याच्यानं अंगातली रसायनं बदलतात. त्याच्या खुणा लघवीत उतरतात म्हणे. कोणत्या खुणा पक्क्या, तेच मेडिकल कॉलेजवाले शोधून राहिले. अकरावीतच आहो मी, पण ट्रेनिंगमधलं सगळं समजलं मले!

सुशीलाबाई : अन् ही निशा काऊन आली संगं? गावची आशा वर्कर असली तरी हिनं माझा उंबरठा चढाचा नाही, सांगतलं होतं मी.

निशा : बाहेरच उभी आहो, सुशीलाबाई. पोरीले तीन दिवसांपासून ताप आहे. बोटातून रक्ताचा थेंब काढून तपासाची काच घ्या लागते.

सुशीलाबाई : शुभमचीबी घेतली होती तू काच. मलेरिया नाही म्हणाली. पाचव्या दिवशी लेकरू गेलं माझं.

निशा : तपासणीत जे आलं, तेच सांगतलं मी.

आचल : काकू, फॉर्म भरू ना आधी. नाव रेणू, वय आठ... हं, सहावा प्रश्न. ह्या तापात घरी काही गोळी दिली काय?

सुशीलाबाई : नाही.

आचल : नक्की? गोळी दिली असन तं खुणा बदलतात. काचेवरबी जंतू दिसत नाही कधी कधी, अंगात असूनबी... काकू? काऊन खाली बसल्या?

सुशीलाबाई : असूनबी दिसत नाही?

आचल : अर्ध्याच गोळ्या दिल्या तं जंतू कमी होतात, मरत नाही. मग पुन्हा वाढतात.

निशा : रेणूले काय देल्लं, सुशीलाबाई?

सुशीलाबाई : काल दोन गोळ्या. तिच्या बापाच्या मलेरियातल्या. बरं वाटलं का सोडून देतेत ते, उरलेल्या मी डब्यात ठेवतो.

निशा : अन् शुभमले?



सुशीलाबाई : तुले बोलवाच्या आधी दोन दिवस. तू इचारलं होतं. रागावशीन म्हणून नाही म्हटलं.

निशा : वर्ष झालं. गावातल्या बाया लेकरं दाखवत नाही मले. मी रोज ती काच आठवतो, थेंब लहान पडला होता काय म्हणून.

सुशीलाबाई : मी सांगतो गावाले. सगळ्यांपुढं सांगतो, निशा...

निशा : आचल, फॉर्मवर 'हो' लिही. अन् गाडीवाल्या कैलाशले म्हण, गाडी काढ. सालेकस्याच्या दवाखान्यात न्या लागते हिले.

सुशीलाबाई : निशा, बाई माझी...

निशा : माझ्याशी बोलू नका आत्ता. पोरीचं डोकं मांडीवर घ्या. रस्ता खराब आहे.