मौन धरलं, पायरी सुटली

...आणि वर म्हणायचं काय, तर 'आमची पिढी थकत नाही!' अहो, तुम्हाला सांगतो, ब्रह्मा घाटावरच्या आमच्या ढुंढिराजकाकांनी या वयात अंतर्गृही यात्रा काढली! म्हणजे मणिकर्णिकेवर संकल्प सोडायचा, दिवसभर अनवाणी गल्लीबोळांतली देवळं करायची आणि फिरून मणिकर्णिकेलाच यायचं. तेही मौन धरून! काकू मला म्हणाल्या, "कॉलेज सोडून बसलायसच, जा सोबत. धडपडले म्हणजे?" झालं, मीही मौन धरलं आणि निघाली वरात!

दुपारपर्यंत ठीक. मग काकांचे पाय फरफटायला लागले, आणि डोळ्यांनी तर राजीनामाच दिला! गल्लीत सांड आडवा, काकांनी त्याला वाकून नमस्कार केला... पुरोहित वेणीमाधवपंत समजून! मी खुणावलं, बसा जरा. तर छाती ठोकून दाखवली. आमची पिढी थकत नाही! पुढच्या वळणावर थेट सायकलरिक्षावर आदळले. रिक्षावाला म्हणतो, "का चचा, आँख घरे छोड़ अइला का?" मौन ना, उत्तर कोण देणार? मी पाण्याची बाटली पुढे केली. पुन्हा छाती! अरे, छाती कशाला दाखवता, चालायचंय पायांनी ना?

शेवटी मणिकर्णिका आली. खाली गंगा, वर उतरतं ऊन, आणि दमलेल्या डोळ्यांना सगळ्या पायऱ्या म्हणजे एकच सपाट फरशी. काका अंगणात चालावं तसे निघाले! माझीही दशा काय सांगू, मला दोन काका दिसत होते आणि दोघंही पडायच्या बेतात! धरू कुठला? बोंबललो, "काका, पायरीऽऽ!" आणि हाताला लागला तो दंड ओढला. नशीब, खराच निघाला. दोघंही धाडकन पायरीवर बसलो.

काकांनी श्वास घेतला. मला वाटलं, आशीर्वाद देतात.

"गाढवा! मौन मोडलंस!"

"आणि तुम्ही आत्ता काय केलंत?"

काका गप्प. इतके गप्प तर दिवसभरात नव्हते हो! मग हळूच म्हणाले, "पुन्हा करावी लागेल. पहिल्यापासून."

मी कपाळावर हात मारला. तर काका नदीकडे बघत म्हणतात, "तुझं वय कोवळं आहे रे. दमलास की तुला नीट दिसत नाही. पुढच्या खेपेला माझा हात धरून चाल."

धरतो बापडा.